डागाचे वय : परसातील पेरूवरील डागांचे निदान आणि प्रतिबंध

परसातील झाडाचा पेरू सहसा बाजारात जात नाही. तो घरातच खाल्ला जातो, सालीसकट खाल्ला जातो आणि बहुधा लहान मुलांकडून खाल्ला जातो. पेरूवरील डागांचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. फळावर डाग दिसताच फवारणीचा पंप हाती घेण्याची सवय व्यापारी बागांतून आता परसापर्यंत आली आहे आणि तिचा भार अखेरीस त्याच सालीवर पडतो. विस्तार कार्यकर्त्यांच्या भ्रमणध्वनीवर डागाळलेल्या पेरूचे छायाचित्र येते, खाली एकच प्रश्न असतो, ‘कोणते औषध मारावे?’ बहुतेक वेळा या प्रश्नाचे खरे उत्तर ‘कोणतेही नाही’ असे असते. मात्र तसे सांगायला डाग कशाचा आहे हे ठाऊक असावे लागते.

रायपूरच्या परिसरात बिहीचे झाड नसलेली बाडी क्वचितच आढळते. छत्तीसगढीत पेरूला ‘बिही’ म्हणतात. सीमेपलीकडे विदर्भात तोच ‘जांब’ होतो आणि उर्वरित महाराष्ट्रात ‘पेरू’. अलाहाबाद सफेदा आणि सरदार या जुन्या जाती येथे सर्वपरिचित आहेत. सरदार म्हणजेच एल-४९ ही निवड मुळात पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात १९२७ साली झाली. अलीकडच्या काळात रायपूरच्याच एका रोपवाटिकेतून प्रसार पावलेला, मोठ्या फळांचा ‘व्हीएनआर बिही’ महाराष्ट्रातही दूरवर पोहोचला आहे. या फळाला लोक गरिबांचे सफरचंद म्हणतात. सफरचंदाच्या बागाईतदाराला डागांचा जो त्रास सोसावा लागतो, तो येथे पेरूवाल्यालाही चुकत नाही.

डाग केव्हाचा आहे?

डाग कशामुळे पडला, हा प्रश्न आपण लगेच विचारतो. त्याआधी डाग केव्हा पडला हे विचारले, तर निदानाचे निम्मे काम होते.

पेरूला फुलापासून तोडणीपर्यंत साधारण चार ते पाच महिने लागतात. या काळात फळ एकसारख्या वेगाने वाढत नाही. आरंभी ते भराभर वाढते, मग बिया कठीण होत असताना वाढ मंदावते आणि अखेरीस पक्वतेच्या वेळी पुन्हा वेग येतो. पहिल्या टप्प्यात सालीच्या पेशी जोमाने विभागत असतात. तेव्हा इजा झाली तर फळ जखमेखाली बुचासारख्या कोरड्या पेशींचा थर तयार करून ती बंद करते. जखम भरते, पण खूण राहते आणि फळाबरोबर ती खूणही ताणली जाते. वासराच्या अंगावर दिलेला डाग त्याचा बैल होईपर्यंत वितभर दिसू लागतो, तसेच हे आहे. हरभऱ्याएवढ्या फळावरचा टाचणीच्या टोकाएवढा ओरखडा तोडणीच्या वेळी नखाएवढा, खरबरीत आणि भेगाळलेला दिसतो. पाहणाऱ्याला वाटते की रोग पसरतो आहे. प्रत्यक्षात तेथे दोन-तीन महिन्यांत काहीही घडलेले नसते.

अखेरच्या टप्प्यात याच्या उलट होते. फळ पिकू लागले की बुचाचा थर घालण्याची त्याची क्षमता उरत नाही. साखर वाढलेली असते, गर मऊ होत असतो. अशा वेळी झालेली इजा भरून येत नाही. ती खचते, ओली होते, तपकिरी पडते आणि वासही मारते.

म्हणून फळ हाती घेतल्यावर पहिली परीक्षा बोटाने करावी. डाग सालीच्या वर उचललेला, कोरडा, खरबरीत लागला तर तो जुना आहे. खोलगट, मऊ, ओलसर लागला तर तो ताजा आहे. त्यानंतर नखाने हलके खरवडावे. खाली स्वच्छ हिरवी वा पांढरी साल लागली, तर डाग कातडीपुरता आहे. शेवटी धारदार चाकूने डागातूनच पातळ काप घ्यावा आणि भिंगातून पाहावा. ही तिसरी परीक्षा बहुतेक जण टाळतात, कारण फळ वाया जाते. एका फळाच्या कापाने झाडावरील उरलेल्या फळांचा निर्णय होत असेल, तर ते फळ सत्कारणी लागले असे समजावे. छायाचित्रातून निदान करणे अवघड का, तेही यावरून कळेल. छायाचित्रात रंग दिसतो, खोली दिसत नाही.

कोरडे, खरबरीत डाग

जुन्या डागांत सर्वांत जास्त गोंधळ फुलकिडे, ढेकण्या आणि कॅन्कर यांच्याबाबत होतो.

फुलकिडे हे मिलिमीटर-दीड मिलिमीटर लांबीचे कीटक. ते कोवळ्या फळाची साल खरवडून पाझरणारा रस शोषतात. त्यांना आडोसा आवडतो. त्यामुळे फळाच्या टोकावरील वाळलेल्या पुष्पकोशाखाली, देठाजवळ, किंवा दोन फळे वा फळ आणि पान एकमेकांस चिकटतात तेथे त्यांचे काम दिसते. आधी रुपेरी आणि पुढे तपकिरी होणारा हा डाग पसरट असतो, त्यास निश्चित कडा नसते, आणि कोरड्या चिखलासारख्या बारीक भेगा त्यावर पडतात. वाऱ्याने फांदी घासून पडलेला डाग थोडाफार असाच दिसतो. परंतु तो एका रेषेत असतो आणि जवळच ती घासणारी फांदी सापडते. फुलकिड्यांचा डाग मोठ्या फळावर दिसतो तेव्हा ते किडे तेथून कधीच निघून गेलेले असतात. त्यांच्यासाठी त्या वेळी केलेली फवारणी रिकाम्या घराला कुलूप लावण्यासारखी आहे.

ढेकण्या हा काजू उत्पादकांच्या चांगल्या ओळखीचा कीटक. इंग्रजीत त्याला चहावरील डास म्हणतात, पण तो डास नव्हे. हेलोपेल्टिस अँटोनी या नावाचा हा एक रस शोषणारा ढेकूण आहे. सडपातळ अंग, लांब पाय आणि पाठीवर टाचणीसारखा उभा उंचवटा, अशी त्याची ठेवण असते. काजू, कोको, शेवगा, कडुनिंब आणि पेरू हे सारे त्याचे यजमान. ढेकण्याचे नुकसान केवळ रस गेल्याने होत नाही. सोंड खुपसताना तो जी लाळ सोडतो ती वनस्पतीच्या पेशींना मारक असते. टोचल्या जागी काही तासांत पाणी भरल्यासारखा ठिपका दिसतो, तो काळपट पडतो, आणि फळ वाढू लागले की ठिपक्याचे रूपांतर खपलीत होते. एकच ढेकण्या दिवसभरात अनेक ठिकाणी टोचतो. त्यामुळे फळाच्या सर्व बाजूंना सारख्याच वयाचे, सुटे सुटे, गोलसर खवले दिसतात. प्रादुर्भाव तीव्र असेल तर फळ वेडेवाकडे होते आणि तडकते.

कॅन्कर हा पेस्टॅलोशिऑप्सिस या बुरशीचा रोग. हिरव्या फळावर बारीक तपकिरी ठिपके येतात, त्यांवरील साल गोलाकार फाटते, कडा वर उचलली जाते आणि मध्यभाग खोलगट राहतो. देवीच्या व्रणाशी त्याचे साम्य आहे. अवघड भाग असा की ही बुरशी प्रामुख्याने जखमेतून आत शिरते. ढेकण्याने टोचलेल्या जागी तिला आयते दार मिळते. त्यामुळे एकाच डागात कीटक आणि बुरशी या दोहोंचा हात असू शकतो. नुसते बुरशीनाशक मारून डाग थांबले नाहीत, अशी तक्रार येते तेव्हा बहुधा हाच प्रकार असतो.

मग दोघांना वेगळे कसे करावे? फळ सोडून शेंड्याकडे पाहावे. ढेकण्या फळावर येण्याआधी कोवळ्या फुटव्यांवर पोसतो. शेंडे काळे पडून माना टाकलेले, पानांच्या देठांवर लांबट काळे चट्टे, अशी चिन्हे असतील तर संशय ढेकण्यावरच घ्यावा. भिंग असेल तर कोवळ्या दांडीवर दोन बारीक केसांसारखे धागे बाहेर आलेले दिसतील. ती त्याची आत खुपसलेली अंडी. पहाटे किंवा सायंकाळी झाडाखाली पांढरे कापड धरून फांद्या हलक्या हाताने झटकल्या, तर कीटकही सापडतो. भर दुपारी शोधणाऱ्याला तो सहसा दिसत नाही. शेंडे निरोगी असतील आणि डाग केवळ फळांवर, तेही उचललेल्या कडेचे असतील, तर कॅन्कर धरून चालावे.

शैवालाचा डाग हा पावसाळ्यातील आणखी एक प्रकार. गर्द, हवा न खेळणाऱ्या झाडांवर काळपट हिरवे ठिपके पानांवर आणि फळांवर येतात. फांद्या विरळ केल्या की तो बराच कमी होतो. पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी यांच्या चिकट स्रावावर वाढणारी काजळी तर डाग म्हणून गणूच नये. ती ओल्या फडक्याने पुसली जाते. पुसून पाहण्याआधी औषध विचारणारे पुष्कळ भेटतात.

ओले, खचलेले डाग

पावसाळी पेरूचा खरा शत्रू फळमाशी. बॅक्ट्रोसेरा प्रजातीतील डॉर्सॅलिस, करेक्टा आणि झोनाटा या तीन जाती पेरूवर प्रामुख्याने आढळतात. मादी पक्वतेकडे झुकलेल्या फळाच्या सालीत अंडनलिका खुपसून सालीखाली अंडी पुंजक्याने घालते. वरून दिसते ते केवळ सुईच्या टोकाएवढे छिद्र, भोवती किंचित गडद हिरवे वा तपकिरी वर्तुळ. उष्ण दिवसांत एक-दोन दिवसांतच अंडी उबतात, अळ्या गर खातात, आणि आठवडाभरात फळ आतून पाणचट होऊन गळते. पूर्ण वाढलेल्या अळ्या फळातून निघून मातीच्या वरच्या काही सेंटीमीटरांत कोषात जातात. आठवडा-दीड आठवड्याने नवी माशी बाहेर पडते. म्हणजे जुलैत झाडाखाली पडू दिलेले फळ ऑगस्टच्या फळांना भोवते.

छिद्रातून पातळ काप घेतला आणि आत मिलिमीटरभर लांबीची, तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी दिसली, तर निदान पक्के. अळ्या असतील तर त्यांना पाय नसतात, डोक्याकडे त्या निमुळत्या होतात, आणि मोठी अळी ताटलीत ठेवली की अंग वाकवून चक्क उडी मारते. फळ पोखरणाऱ्या अळ्यांना मात्र स्पष्ट डोके आणि पाय असतात. एरंडीवरील बोंड पोखरणारी अळी आणि डाळिंबावरील सुरसा, या दोन्ही पेरूवरही येतात. त्यांचे छिद्र मोठे असते आणि तोंडाशी विष्ठेचे दाणे लागलेले असतात. या दोन गटांतला फरक लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण फळमाशीचा सापळा पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाला वा फुलपाखराला बोलावत नाही.

विदर्भातील संत्रा बागाईतदारांना रस शोषणारे पतंग ठाऊक आहेतच. पेरू पिकू लागला की हे मोठे, नारिंगी मागच्या पंखांचे पतंग रात्री त्यावरही येतात. त्यांचेही छिद्र गोल आणि टाचणीएवढे असते. फरक दाबल्यावर कळतो. पतंगाच्या छिद्रातून रस उडतो, खालचा गर स्पंजासारखा कोरडा आणि पोकळ लागतो, आणि कापात अंडी कोठेही नसतात. यांच्या अळ्या फळझाडांवर वाढत नाहीत. गुळवेल आणि वासनवेल यांसारख्या वेलींवर त्या पोसतात. कुंपणावरील गुळवेल औषधी म्हणून जपणाऱ्या घरी हा संबंध सांगावा. वेल उपटायला सांगण्याची गरज नाही, तिच्या पानांवरील अळ्या वेचल्या तरी पुरे.

पिकलेल्या फळावर गोल, खोलगट, गडद तपकिरी चट्टा आणि दमट हवेत त्यावर नारिंगी-गुलाबी ठिपक्यांची बुरशी, हे करप्याचे म्हणजे अँथ्रॅक्नोजचे लक्षण. पक्ष्यांच्या चोचीचे आणि खारीच्या दातांचे व्रण सहज ओळखता येतात. त्यांवर येथे शब्द खर्चत नाही. एवढेच सांगतो की वटवाघळांनी किंवा पक्ष्यांनी उष्टे केलेले फळ ‘गोड असते’ म्हणून मुलांना देण्याची जुनी रीत आता सोडावी. वटवाघळांमार्फत माणसाला रोग जडू शकतात.

हवामानाचे डाग दिशेवरून कळतात. नैऋत्येकडील उघड्या फळांवरच फिकट पिवळा, पुढे तपकिरी होणारा चट्टा असेल तर तो उन्हाचा. गारांचे व्रण झाडाच्या एकाच बाजूच्या सर्व फळांवर असतात आणि त्याच बाजूच्या फांद्यांची सालही ठेचलेली दिसते. जिवंत कारण कधी दिशा पाळत नाही, इतके स्मरणात ठेवले तरी बरेच खर्च वाचतात.

प्रतिबंध : आधी बहार, मग पिशवी

पेरूला वर्षात एकाहून अधिक वेळा बहर येतो. आंबे बहाराची फुले फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि फळे पावसाळ्यात पिकतात. मृग बहाराची फुले जून-जुलैत येतात आणि फळे नोव्हेंबर ते जानेवारीत हाती लागतात. पावसाळी फळ संख्येने जास्त असले तरी चवीला पाणचट असते आणि फळमाशी, करपा व कॅन्कर यांच्या ऐन हंगामात सापडते. हिवाळ्यात थंडीमुळे फळमाशीची संख्या घटते आणि फळाला गोडीही चढते. परसातील एका-दोन झाडांसाठी पावसाळी पीक सोडून देणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. व्यापारी बागेत यासाठी उन्हाळ्यात पाणी तोडतात. परसातील झाडाला मात्र मोरीचे पाणी बारा महिने मिळत असते, त्यामुळे त्यास ताण बसत नाही आणि ते सतत फुलत राहते. अशा झाडावरील मार्च-एप्रिलची फुले आणि बारीक फळे हाताने खुडून टाकावीत. मोठे झाड असेल तर हे जमणार नाही, हे मान्य. म्हणूनच परसातील पेरू छाटून माणसाच्या हाताच्या उंचीत ठेवावा. पेरूला नव्या फुटीवर फुले येतात, त्यामुळे मे महिन्यातील हलकी छाटणी मृग बहारास पोषकच ठरते, आणि हवा खेळू लागल्याने बुरशीलाही आळा बसतो.

पडलेली फळे रोज वेचावीत. ती उकिरड्यावर टाकली तर अळ्या तेथेच कोषात जातात. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवावीत किंवा किमान दोन फूट खोल पुरावीत. झाडाखालची माती अधूनमधून हलवली की उघडे पडलेले कोष उन्हाने आणि कोंबड्यांच्या चोचींनी नष्ट होतात. ज्या घरी कोंबड्या आहेत तेथे हे काम निम्मे झालेलेच असते.

मिथाइल युजेनॉलच्या सापळ्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्याविषयी अपेक्षा फार आणि समज कमी आहे. फळमाशीचे नर ठरावीक सुगंधाकडे ओढले जातात, या शोधाचा आरंभ भारतातच झाला. बिहारमधील पुसा येथे काम करणारे कीटकशास्त्रज्ञ फ्रँक हॉवलेट यांनी १९१२ साली सिट्रोनेला तेलाकडे येणाऱ्या नर माश्यांविषयी लिहिले आणि १९१५ साली मिथाइल युजेनॉलकडे त्यांच्या होणाऱ्या आकर्षणाची माहिती प्रसिद्ध केली. तुळशीचा पाला ठेचून ठेवला की त्यावर माश्या जमतात, त्यामागेही याच प्रकारचे सुगंधी घटक आहेत. पुढे पॅसिफिक महासागरातील रोटा बेटावर १९६० च्या दशकात याच पदार्थात कीटकनाशक मिसळून नर संपवले गेले आणि डॉर्सॅलिस जातीच्या माशीचे निर्मूलन झाले. पण ते समुद्राने वेढलेले बेट होते. आपले परस तसे नाही. सापळ्यात केवळ नर मरतात. शेजारच्या आवारात मीलन झालेली मादी कुंपण ओलांडून येते आणि अंडी घालते. म्हणून एका घरी लावलेल्या एका सापळ्याने फळे वाचली नाहीत, तर दोष सापळ्याचा नाही. गल्लीतील, पाड्यातील सर्व पेरूवाल्यांनी फळे पक्व होण्याच्या महिना-दीड महिना आधी एकाच वेळी सापळे टांगले तर फरक दिसतो. बागेत हेक्टरी १० ते १५ सापळे, जमिनीपासून सुमारे पाच-सहा फुटांवर, सावलीत, आणि महिना-दीड महिन्याने आमिषाची बदली, हे प्रमाण ठेवावे. एकट्या झाडाच्या मालकासाठी सापळ्याचा उपयोग सूचना मिळण्यापुरता आहे. नर अडकू लागले की पिशव्या बांधण्यास उशीर करू नये.

पिशवी हाच परसातील खरा उपाय. जपानच्या आओमोरी प्रांतात सफरचंदाच्या प्रत्येक फळाला कागदी पिशवी घालण्याची पद्धत मुळात फळ पोखरणाऱ्या अळीपासून बचावासाठी रुजली. फळाचा रंग आणि देखणेपणा यांसाठी तिची महती नंतर वाढली. आपल्याकडे मोठ्या फळांच्या पेरू बागांत फोमची जाळी आणि त्यावर बाष्प न धरणारी पारदर्शक पिशवी, असे दुहेरी आवरण रूढ झाले आहे. जाळीचे काम केवळ घासण्यापासून वाचवण्याचे नाही. पातळ पिशवी फळाला चिकटली तर माशीची मादी पिशवीवरूनच अंडनलिका टोचू शकते. जाळीमुळे मध्ये अंतर राहते.

फळ लिंबाएवढे झाले की पिशवी बांधावी. त्याआधी बांधली तर नैसर्गिक गळीत पिशव्याही जमिनीवर येतात, नंतर बांधली तर माशी येऊन गेलेली असते. बांधण्यापूर्वी प्रत्येक फळ फिरवून पाहावे, टोकावरील वाळका पुष्पकोश झटकावा आणि पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस दिसल्यास ओल्या कापडाने पुसून घ्यावा. पिशवीत एकदा पिठ्या ढेकूण कोंडला गेला की त्याला खाणारे भुंगेरे आत पोहोचू शकत नाहीत, आणि तो निर्धास्त वाढतो. पिशवीचे खालचे कोपरे कापून पाणी निथळण्यास वाट ठेवावी. रायपूर किंवा नागपूरच्या कडक उन्हात नुसत्या प्लास्टिकमध्ये फळ भाजते. तेथे वरून वर्तमानपत्राचा कागद गुंडाळावा. फोम आणि प्लास्टिक मिळत नसेल तर जुन्या पातळ कापडाच्या सैल पिशव्याही चालतात. पन्नास-साठ फळांचे काम दोन माणसांचे एका संध्याकाळचे आहे.

पिशवीची मर्यादाही सांगितली पाहिजे. फुलकिडे आणि ढेकण्या लिंबाएवढ्या फळाची वाट पाहत नाहीत. ते त्याआधीच आपले काम उरकतात. त्यामुळे मागील हंगामात खरबरीत डाग फार पडले असतील, तर लक्ष द्यायचा काळ म्हणजे पाकळ्या गळून गेल्यापासून फळ बोराएवढे होईपर्यंतचा. या काळात ५ टक्के निंबोळी अर्काच्या दोन-तीन फवारण्या पुरेशा ठराव्यात. एका झाडासाठी लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून, सायंकाळी फवारावी. फुले उमललेली असताना फवारणी टाळावी, पेरूला मधमाश्या भरपूर येतात. कॅन्करचा इतिहास असलेल्या झाडावर याच काळात १ टक्का बोर्डो मिश्रण उपयोगी पडते. मात्र निंबोळी अर्क आणि बोर्डो एकाच पंपात मिसळू नयेत. रासायनिक कीटकनाशकाची वेळ आलीच, तर पेरूसाठी लेबल क्लेम असलेलेच घ्यावे आणि बाटलीवरील प्रतीक्षा कालावधी पाळावा. पेरू एकाच वेळी पिकत नाही, घरात रोज दोन-चार फळे तोडली जातात. अशा झाडावर प्रतीक्षा कालावधी पाळणे जवळजवळ अशक्य असते. फळे पक्वतेकडे झुकल्यावर परसातील झाडावर रासायनिक फवारणी करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरबरीत डागांची फळे खाण्यास निर्धोक असतात. साल खरवडून ती खुशाल खावीत. ओल्या डागाच्या फळाचा संशयित भाग कापून पाहावा. अळी दिसली तर पूर्ण फळ पिशवीत बंद करून उन्हात टाकावे.

निदान होत नसेल तेव्हा नमुना कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे पाठवावा. एकच वाईट फळ पाठवण्याऐवजी वेगवेगळ्या आकाराची चार-पाच फळे आणि दोन फुटवे वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवावेत. प्लास्टिकमध्ये बंद केलेले फळ वाटेतच कुजते आणि मूळ कारण झाकले जाते. सोबतच्या चिठ्ठीत फुले केव्हा आली, डाग प्रथम केव्हा दिसला, झाडाच्या कोणत्या बाजूला जास्त आहे आणि शेवटची फवारणी कशाची व केव्हा झाली, एवढे लिहावे. अळ्या असलेले फळ असेल तर ते रुंद तोंडाच्या बरणीत दोन बोटे ओलसर वाळूवर ठेवून तोंडाला मलमल बांधावी. अळ्या वाळूत कोषात जातात आणि पंधरवड्याच्या आत माश्या बाहेर पडतात. फळमाशीची जात अळीवरून सांगणे कठीण असते. माशीच्या पंखांवरील आणि चेहऱ्यावरील खुणांवरून ती खात्रीने ओळखता येते.